शुब्राची योलांदा, जगाची दालिदा

आज रात्री इअरफोन लावा आणि ‘पारोल, पारोल’ हे गाणं ऐका. फ्रेंच येत नसलं तरी बिघडत नाही. एक पुरुष नुसता बोलतोय, लाडीगोडी लावतोय आणि एक बाई गाता गाता त्याला उडवून लावतेय, एवढं तुम्हाला पहिल्या मिनिटातच कळेल. बोलणारा आहे अलाँ दलाँ, त्या काळचा फ्रेंच सिनेमातला सगळ्यात देखणा हिरो. गाणं १९७३ सालचं. आणि त्या हिरोला अजिबात भाव न देणारी ती दालिदा.

आता गंमत बघा. फ्रेंच गाण्यांची ही महाराणी जन्माने फ्रेंच नव्हतीच. गाणंही मुळात इटालियन. आणि ती वाढली इजिप्तमध्ये, कैरोच्या शुब्रा नावाच्या गजबजलेल्या भागात. १७ जानेवारी १९३३ चा जन्म, नाव योलांदा जिल्योत्ती. आईवडील इटलीच्या दक्षिणेकडच्या कालाब्रियातून पोटापाण्यासाठी आलेले. वडील कैरोच्या ऑपेरात व्हायोलिन वाजवायचे, आई शिवणकाम करायची. घरात इटालियन, गल्लीत अरबी, कानावर फ्रेंच. आपल्याकडे बेळगाव-सोलापूरकडची पोरं कशी एका वाक्यात दोन-तीन भाषा घेऊन फिरतात, तसंच काहीसं.

लहान असतानाच तिच्या डोळ्यांना संसर्ग झाला. मग पट्ट्या, ऑपरेशन्स आणि जाड भिंगांचा चष्मा. शाळेत चिडवणं आलंच. पुढे जिच्या डोळ्यांवर अख्खं पॅरिस फिदा होणार होतं, तिला कित्येक वर्षं आरशात स्वतःकडे बघवत नव्हतं. त्यात १९४० मध्ये युद्धात इटली इंग्रजांच्या विरोधात उतरली आणि इजिप्तमधल्या इटालियन पुरुषांना छावण्यांत डांबण्यात आलं. वडीलही गेले. चार वर्षांनी परतले ते वेगळेच होऊन. चिडायचे, मारहाण करायचे. वर्षभरात वारलेही. ज्या बापाच्या व्हायोलिनमुळे सूर कानात बसले त्याच्याचबद्दल मनात भीती आणि राग. ही गाठ तिला शेवटपर्यंत पूर्ण सोडवता आली नाही, असं मला वाटतं.

शिक्षण झाल्यावर टायपिस्टची नोकरी. मग एक दिवस चष्मा दिला टाकून आणि सौंदर्यस्पर्धेत उतरली. १९५४ मध्ये मिस इजिप्त! एक-दोन इजिप्शियन सिनेमांत छोटी कामं मिळाली आणि त्याच वर्षीच्या नाताळात, २५ डिसेंबरला, बाईसाहेब पॅरिसला दाखल. वय एकवीस. हिरॉइन व्हायचं होतं, पण सिनेमावाल्यांनी दारातही उभं केलं नाही. मग पोट भरायला कॅबरेत गायला लागली. त्या दिवसांत तिच्या शेजारच्या खोलीत एक तसाच कफल्लक तरुण राहायचा. हो, तोच अलाँ दलाँ!

सुरुवातीला तिने दलिला हे नाव घेतलं होतं. एका लेखकाच्या सल्ल्यावरून दुसरा ‘ल’ बदलून ‘द’ केला आणि दालिदा झाली. १९५६ मध्ये ऑलिंपिया या प्रसिद्ध थिएटरमध्ये नवोदितांची स्पर्धा होती. रेडिओवाला ल्युसियाँ मोरिस आणि रेकॉर्ड कंपनीवाला एडी बार्कले यांना त्या संध्याकाळी सिनेमाला जावं की स्पर्धेला हे ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी फासे टाकले, असा किस्सा सांगतात. फासा दालिदाच्या बाजूने पडला. त्याच वर्षी ‘बांबिनो’ आलं. मूळ नेपल्सचं गाणं, शब्द फ्रेंच आणि आवाज असा, की ‘र’ चांगला घोळवून म्हणणारा. खऱ्या पॅरिसवाल्याच्या तोंडून असा ‘र’ येत नाही. पण लोकांना तोच आवडला. रेकॉर्ड लाखोंनी खपली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आपला गावाकडचा हेल लपवण्यात ज्यांचा अर्धा जीव गेला असेल, त्यांनी हे गाणं जरूर ऐकावं. तिने तो ‘र’ कधीच सरळ केला नाही.

पुढची दहा वर्षं भराभर सांगून टाकते, कारण ती यशाचीच आहेत. फ्रेंचबरोबर इटालियन, जर्मन, स्पॅनिश, अरबी, इंग्रजी, अगदी जपानी आणि हिब्रूतही तिने गाणी रेकॉर्ड केली. १९६१ मध्ये मोरिसशी लग्न झालं आणि काही महिन्यांतच मोडलं.

मग आला जानेवारी १९६७. इटलीत सान रेमोचा संगीत महोत्सव. तिथे तेव्हा एकच गाणं दोन कलाकार आपापल्या पद्धतीने गायचे. दालिदा आणि तिचा प्रियकर, तरुण गीतकार-गायक लुइजी तेंको, एकच गाणं घेऊन उतरले. परीक्षकांनी ते बाद केलं. त्याच रात्री तेंकोने आयुष्य संपवलं आणि त्याला तशा अवस्थेत पहिल्यांदा पाहिलं ते दालिदाने. महिन्याभराने तिनेही तसाच प्रयत्न केला. ती वाचली, पण पाच दिवस बेशुद्ध होती. (इथे जरा थांबते. हे वाचताना तुम्हाला स्वतःचं किंवा मित्राचं काही आठवलं असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. मराठीतही बोलता येतं.)

त्यानंतरची दालिदा मला जास्त आवडते. ती वाचायला लागली. फ्रॉइड, तत्त्वज्ञान, जे हाती लागेल ते. मनःशांतीच्या शोधात भारतातही येऊन गेली. परतली ती हलकीफुलकी गाणी नको म्हणूनच. १९७१ मध्ये ऑलिंपियाच्या मालकाला, ब्रुनो कोकात्रिक्सला, वाटलं की तिचं हे गंभीर गाणं लोक ऐकणार नाहीत. तर तिने थिएटर स्वतःच भाड्याने घेतलं. आणि लोक आले!

आणि पुन्हा पलटी मारली ती १९७५ च्या सुमारास. युद्धापूर्वीचं ‘जातांद्रे’ हे गाणं तिने डिस्कोत आणलं. फ्रान्समध्ये डिस्को रुजवणाऱ्यांमध्ये तिचं नाव येतं ते यामुळे. काही जाणकारांनी नाकं मुरडली. माझं विचाराल तर मला तिची डिस्को गाणी थोडी कमीच भावतात. पण १९८० च्या जानेवारीत पॅरिसच्या पॅले दे स्पोरमध्ये सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची ही बाई ड्रेसवर ड्रेस बदलत, डान्सर्सच्या घोळक्यात ज्या ताकदीने नाचली, ते व्हिडिओत बघताना आपण हरतो.

१९७७ मध्ये तिने ‘सलमा या सलामा’ गायलं. परमुलखात मजुरीला गेलेल्या इजिप्शियनांच्या घरी परतण्याचं हे जुनं लोकप्रिय गाणं. तिने ते आधी अरबीत गायलं, मग फ्रेंच आणि इतर भाषांत. बावीस-तेवीस वर्षं पॅरिसमध्ये काढलेली बाई आपल्या गल्लीच्या भाषेत गातेय! अरब जगाने तिला डोक्यावर घेतलं. दोन वर्षांनी आलेलं ‘हेलवा या बलदी’ हे तिचं मायदेशावरचं गाणं तर आजही परदेशात राहणाऱ्या अरबांच्या डोळ्यांत पाणी आणतं.

सिनेमाचं स्वप्न मात्र अडून राहिलं होतं. ते पुरं केलं इजिप्तचा मोठा दिग्दर्शक युसेफ शाहीनने. १९८६ चा ‘सहावा दिवस’. १९४७ च्या कॉलऱ्याच्या साथीत नातवाला वाचवण्यासाठी धडपडणारी धोबीण सद्दिका. ना दागिने, ना मेकअप, ना एकही गाणं. केस काळ्या कपड्याखाली झाकलेले. मिस इजिप्तने आजीचं काम केलं आणि समीक्षकांनी पहिल्यांदा तिला अभिनेत्री म्हणून मनापासून दाद दिली. चित्रपटाच्या प्रीमियरला ती कैरोला गेली, तेव्हा शुब्राही बघून आली. जुन्या गल्लीत तिला बघायला ही गर्दी उसळली होती.

पण मधल्या वर्षांत मोरिस आणि नंतरचा जोडीदार रिशार शाँफ्रे, दोघांनीही स्वतःच आयुष्य संपवलेलं. मूल नाही. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर मोठं घर, त्यात ती एकटी. भाऊ ब्रुनो, जो ऑर्लांदो या नावाने तिची सगळी कामं बघायचा, तो जवळ होता. तरीही ३ मे १९८७ ला ती त्या घरात गेलेली आढळली. वय चोपन्न.

मोंमार्त्रच्या स्मशानभूमीत तिचा पूर्णाकृती पुतळा आहे, आणि घरापासून थोड्या अंतरावर ‘प्लास दालिदा’ नावाचा छोटा चौक आहे. तिथला ब्राँझचा अर्धपुतळा पर्यटकांचे हात लागून लागून जागोजागी चकचकीत झालाय. पॅरिसला शिकायला कुणी मैत्रीण गेली असेल, तर तिला तिथून एक फोटो पाठवायला सांगा. तोवर ‘सलमा या सलामा’ लावा, आधी अरबी, मग फ्रेंच. दोन्हींत ‘र’ ऐका.