दीपस्तंभकार रॉबर्ट स्टीव्हन्सन

स्कॉटलंडच्या वायव्य टोकास केप रॅथ नावाचे भूशिर आहे. इंग्रजीत ‘रॅथ’ म्हणजे क्रोध, आणि तेथील समुद्र पाहणाऱ्यास हे नाव यथार्थच वाटावे. परंतु ते मूळचे जुन्या नॉर्स दर्यावर्द्यांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ केवळ ‘वळण’ एवढाच. अटलांटिक महासागरातून येणारी गलबते येथे पूर्वेकडे वळत. काळोख्या रात्री अंदाज चुकला की समोर उभा कडा! या कड्यावर १८२८ साली दीपस्तंभ उभारणारे पुरुष म्हणजे रॉबर्ट स्टीव्हन्सन.

त्यांचा जन्म ग्लासगो येथे ८ जून १७७२ रोजी झाला. ते दोन वर्षांचे असतानाच वडील वेस्ट इंडीजमध्ये तापाने वारले. आईने पुढे टॉमस स्मिथ या दिवे घडविणाऱ्या कारागिराशी विवाह केला. स्मिथ हे स्कॉटलंडच्या दीपगृह मंडळाचे अभियंते होते. त्यांच्या हाताखाली रॉबर्ट हा धंदा शिकले. हिवाळ्यात ते विद्यापीठात जाऊन बसत. पदवी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

१८०७ साली भरतीत बुडणाऱ्या ‘बेल रॉक’ खडकावर त्यांनी काम आरंभिले. एके दिवशी त्यांचे जहाज नांगरावरून सुटून वाहत गेले. खडकावर ३२ माणसे, होड्या दोनच, आणि पाणी चढत होते. मजूर मुकाट्याने त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. ते बोलू गेले तो घशाला कोरड. डबक्यातले खारे पाणी तोंडाला लावून ते उठतात तोच, पत्रे घेऊन येणारी एक होडी दिसली! सर्वजण वाचले. १८११ साली तेथे दिवा लागला.

केप रॅथला शत्रू निराळा होता. तेथे जवळपास वस्ती नव्हती. ड्यूरनेसच्या खाडीपासून दीपस्तंभापर्यंत सुमारे ११ मैलांचा रस्ता मुद्दाम करावा लागला. मनोरा जेमतेम २० मीटर उंच. परंतु कड्यामुळे दिवा समुद्रसपाटीपासून सुमारे १२२ मीटरांवर पोहोचला. त्यामुळे उजेड फार दूर जाई. मात्र ढग खाली उतरले की तीच उंची आड येई. हा दोष लपविण्याचे कारण नाही.

स्टीव्हन्सन १२ जुलै १८५० रोजी निवर्तले. त्यांचे तिघे पुत्र याच धंद्यात शिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जन्मलेला नातू मात्र लेखक झाला. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा तो हाच. केप रॅथचे शेवटचे रखवालदार १९९८ साली कडा उतरले. दिवा आता यंत्राने आपोआप लागतो.