पाउल एर्लिख : उघडे ठेवलेले दार

आज आपल्या परिचयाच्या घरांतून थायरॉइडचा विकार, आमवात किंवा बालवयातील मधुमेह यांची नावे सहज कानी पडतात. यांपैकी पुष्कळ विकारांच्या मुळाशी एकच विपरीत गोष्ट असते. शरीराचे रक्षण करणारी शक्ती शरीरावरच उलटते. कुंपणच शेत खाऊ लागते. हा धोका ज्यांनी आरंभीच ओळखला आणि ज्यांच्याच नावाचा आधार घेऊन तो पुढे अर्धे शतक नाकारला गेला, त्या पाउल एर्लिख यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलीशिया प्रांतातील श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा जर्मन असलेला हा भाग आज पोलंडमध्ये आहे. आईच्या नात्यातील कार्ल व्हायगर्ट हे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्या रंगवीत असत. त्यांच्या सहवासात या मुलाला रंगांचे जे वेड लागले, ते जन्मभर सुटले नाही. १८७८ साली लाइपझिग येथे त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तोही याच विषयावर. एखादा रंग एका पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, असे का व्हावे, या एका प्रश्नाभोवती त्यांचे सारे आयुष्य फिरले.

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधल्याचे बर्लिन येथे जाहीर केले, तेव्हा एर्लिख श्रोत्यांत होते. ते जंतू रंगविण्याची अधिक चांगली रीत त्यांनी लवकरच बसविली. पुढे काही वर्षांनी त्यांना स्वतःच्याच थुंकीत तेच जंतू आढळले, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा. १८८८ साली हवापालटासाठी ते ईजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले. त्यानंतर कॉख यांच्या संस्थेत घटसर्पावरील रक्तरसाचे काम त्यांच्याकडे आले. हा रक्तरस कधी गुणकारी ठरे, तर कधी निष्प्रभ. त्याची शक्ती मोजण्याचे निश्चित परिमाण १८९७ साली एर्लिख यांनी सिद्ध केले, आणि एक अनिश्चित उपाय भरवशाचा झाला.

१८९९ पासून फ्रँकफुर्ट ही त्यांची कर्मभूमी झाली. काखेत सिगारची पेटी, आणि सहकाऱ्यांसाठी रंगीत कागदांवर लिहिलेल्या दैनंदिन सूचना, हे त्यांचे तेथील रूप सर्वांच्या परिचयाचे होते. याच सुमारास युलिउस मोर्गेनरोट यांच्यासह त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीला दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले असता तिच्या शरीरात परक्या तांबड्या पेशींचा नाश करणारी प्रतिपिंडे निर्माण झाली; परंतु तिच्या स्वतःच्या रक्तपेशींना त्यांनी धक्का लावला नाही. शरीराला आत्मघाताचे जणू भय वाटते, असा निष्कर्ष काढून एर्लिख यांनी या भयाला हॉरर ऑटोटॉक्सिकस असे नाव दिले.

मात्र ते तेथेच थांबले नाहीत. असा घात होऊ नये म्हणून शरीरात काही नियंत्रक व्यवस्था असली पाहिजे आणि ती बिघडल्यास काही रोगांचा उलगडा त्यातून होऊ शकेल, असेही त्यांनी सुचविले होते. अनुयायांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडला. वरिष्ठांचा शेरा अर्धाच वाचून प्रकरण नस्तीबंद करावे, तसेच हे झाले. १९०४ साली डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे स्वतःच्याच रक्तपेशी फोडणारे प्रतिपिंड एका रोगात दाखवून दिले, तरी तो अपवाद समजला गेला.

खुद्द एर्लिख यांची वृत्ती अशी नव्हती. १९०८ साली मेच्निकॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या पुढच्याच वर्षी जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांच्याकडे त्यांनी जुनी संयुगे फेरतपासणीस दिली. त्यांतील ६०६ क्रमांकाचे संयुग पूर्वी निरुपयोगी ठरून बाजूला पडले होते. तेच उपदंशावर प्रभावी ठरले. १९१० साली ते साल्व्हर्सान या नावाने बाजारात आले. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे एर्लिख यांचे निधन झाले.

नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्यांचे नाव पुसण्याचा प्रयत्न झाला. फ्रँकफुर्टमधील त्यांच्या नावाचा रस्ताही बदलला गेला. त्यांच्या पत्नी हेडविग यांना वृद्धापकाळी देश सोडावा लागला. एर्लिख यांचे शिष्य हान्स साक्स, आणि साक्स यांचे शिष्य अर्नेस्ट विटेब्स्की, यांच्याही वाट्याला देशांतर आले. याच विटेब्स्कींच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत नोएल रोझ या तरुणाला असे आढळले की, सशाला त्याच्याच थायरॉइडचा अर्क टोचला असता तो स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतो. परात्पर गुरूंच्या वचनावर निष्ठा असलेल्या विटेब्स्कींचा प्रथम विश्वास बसेना. प्रयोग पुनःपुन्हा करवून घेतल्यानंतर १९५६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच वर्षी लंडनमधील संशोधकांना हाशिमोटो रोगाच्या रुग्णांतही तशीच प्रतिपिंडे सापडली.

एर्लिख यांनी सुचविलेली नियंत्रक व्यवस्था कोठे आहे, याचे उत्तर मिळण्यास आणखी काळ गेला. स्वकीयांवरील हल्ला आवरणाऱ्या विशिष्ट पेशी १९९५ साली शिमोन साकागुची यांनी दाखवून दिल्या, आणि २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह याच विषयासाठी मिळाले.

थोरांचे वचन शिरोधार्य मानणे हा आपल्याकडील संस्कार आहे, आणि तो वाईट नाही. परंतु ते वचन अखेरपर्यंत वाचणे, हाही त्याच संस्काराचा भाग असावयास हवा. एर्लिख यांनी दार उघडेच ठेवले होते. बाबावाक्यं प्रमाणम् म्हणत आपणच ते लोटून घेतले, आणि मधल्या पन्नास वर्षांत कित्येक रुग्ण आपल्याला काय झाले आहे हे न कळताच गेले.