तीन गिटारी, एक आवाज

हिंदी चित्रपटगीतांच्या धुना वाजवणारी हवाईयन गिटार मराठी श्रोत्यांना नवी नाही. व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्या ध्वनिमुद्रिका एकेकाळी रसिकांनी आवडीने ऐकल्या. पुढे पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी या वाद्याला रागसंगीतात स्थान मिळवून दिले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या जोडीने ते तोलामोलाचे ठरले. मात्र मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या या गिटारला अमेरिकेत वलय मिळवून देणारा सोल होओपी हा कलावंत आपल्याकडे उपेक्षितच राहिला. जुन्या स्टील गिटारींचे शौकीन कोणती गिटार उत्तम, यावर आजही तासन् तास वाद घालतात. त्या वादात ज्या वाद्यांची नावे हटकून येतात, त्यांपैकी दोन वाद्यांच्या जन्माशी होओपीचा जवळचा संबंध आहे.

सोलोमन होओपी काआइआइ हे त्याचे पूर्ण नाव. त्याचा जन्म १९०२ मध्ये होनोलुलूत झाला. आईवडिलांचे तो एकविसावे अपत्य असल्याचे सांगितले जाते. त्याच्या जन्मापूर्वीच हवाई बेटांवर एका नव्या वादनपद्धतीने मूळ धरले होते. जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने १८९० च्या आसपास गिटारच्या तारांवरून धातूचा तुकडा फिरवण्याचा प्रयोग सुरू केला आणि शाळेच्या कार्यशाळेत त्यासाठी पोलादाची खास दांडी घडवली. या पद्धतीत बोटांनी तारा पडद्यांवर दाबायच्या नसतात. तारा उंच उचललेल्या असतात आणि दांडी त्यांवरून अलगद सरकते. त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात न तुटता जाता येते. आपल्या संगीतात जिला मींड म्हणतात, तिच्याशी याचे सख्य आहे. विचित्रवीणा ऐकलेल्या भारतीय कानांना म्हणूनच ही गिटार परकी वाटली नाही.

सॅन फ्रान्सिस्को येथे १९१५ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील हवाईच्या दालनाने अमेरिकेला या सुरांचे वेड लावले. बेटांवरील तरुण वादकांना मुख्य भूमी खुणावू लागली. सोलही त्यांपैकीच एक होता. १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तो दोन मित्रांसह 'मॅटसोनिया' या जहाजावर विनातिकीट चढला. तिघे पकडले गेले, तेव्हा त्यांच्या वादनावर खूष झालेल्या प्रवाशांनी त्यांचे भाडे भरले, अशी आख्यायिका आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून सोल पुढे लॉस एंजेलिसला गेला आणि तेथील नाइट क्लबांत वाजवू लागला.

हॉलिवूड बहरत होते आणि शहरात जाझचा बोलबाला होता. सोलने जाझ मनापासून ऐकले आणि आपल्या वाद्यावर उतरवले. हवाईच्या संथ, हळव्या चालींसाठी ओळखली जाणारी गिटार त्याच्या हाती क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या चपळाईने बोलू लागली. १९२५ पासून त्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. कोलंबिया कंपनीसाठी त्याच्या त्रयीने वाजवलेल्या 'फेअरवेल ब्लूज'सारख्या रचना आजही स्टील गिटारच्या विद्यार्थ्यांची परीक्षा पाहतात.

या यशामागे एक अडचण मात्र कायम होती. लाकडी गिटारचा आवाज मुळात नाजूक. गर्दीच्या क्लबात, ट्रम्पेट-ड्रमच्या सान्निध्यात तो बुडून जाई. ध्वनिक्षेपकाची सोय अद्याप बाळबोध अवस्थेत होती. बोटांत कितीही कसब असले, तरी ते शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचत नसेल तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक स्टील गिटारवादकासमोर होता. सोलच्या आयुष्यातील वाद्यांची निवड या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली.

त्याचे पहिले उत्तर १९२७ मध्ये मिळाले. जॉर्ज बोशाम्प हा स्वतः स्टील गिटार वाजवणारा. जोराचा आवाज देणारी गिटार करावी, हा ध्यास त्याने घेतला होता. जॉन डोपेरा या कुशल कारागिराने त्याच्यासाठी धातूच्या अंगाची गिटार घडवली. तिच्या पोटात अॅल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले होते. तारांची कंपने घोडीतून या शंकूंपर्यंत जात आणि लाऊडस्पीकरच्या पडद्याप्रमाणे ते थरथरत. हीच 'नॅशनल' कंपनीची 'ट्रायकोन'. कंपनीला भांडवल हवे होते, तेव्हा बोशाम्पने हे वाद्य एका श्रीमंत नातेवाइकाच्या मेजवानीत नेले आणि तेथे ते वाजवण्याचे काम सोलच्या त्रयीवर सोपवले. यजमान इतका भारावला, की त्याच रात्री त्याने साडेबारा हजार डॉलरचा धनादेश लिहून दिला, असे गिटारच्या इतिहासात नोंदले गेले आहे. त्यानंतरच्या काळात सोल आणि चंदेरी ट्रायकोन हे समीकरणच होऊन बसले.

ट्रायकोनचा आवाज मोठा होता, पण तो लवकर विरे. दीर्घ स्वर गळ्यासारखा धरून ठेवायचा तर आणखी काही हवे होते. नॅशनलमधील मतभेदांनंतर बाहेर पडलेल्या बोशाम्पने अॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या साथीने १९३२ मध्ये ते बाजारात आणले. नालाच्या आकाराची दोन चुंबके, त्यांच्या खाली तारेचे वेटोळे आणि चुंबकांच्या कमानीतून गेलेल्या पोलादी तारा. तार छेडली, की वेटोळ्यात वीज खेळे आणि अॅम्प्लिफायरमधून स्वर उमटे. वाद्याचे अंग म्हणजे अॅल्युमिनियमची ओतीव गोल तबकडी व तिला जोडलेला लांब दांडा. साहजिकच लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन' म्हणजे तवाच ठरवले. व्यापारी तत्त्वावर विकली गेलेली ही पहिली यशस्वी विजेची गिटार. विशेष म्हणजे ती उभी धरून वाजवायची नव्हती, मांडीवरची होती.

पेटंट कार्यालयाला मात्र असले यंत्र खरोखर वाजते का, याचीच शंका होती. तेव्हा सोलसह काही वादकांना वॉशिंग्टनला धाडण्यात आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांसमोर वादन करून ती फेडली, असे सांगितले जाते. १९३४ च्या जून महिन्यात दाखल केलेल्या अर्जावर पेटंट मिळाले ते थेट ऑगस्ट १९३७ मध्ये. तोवर इतर कंपन्यांच्या विजेच्या गिटारी दुकानांत आल्या होत्या.

तीसच्या दशकाच्या मध्यास सोलने ट्रायकोन बाजूला ठेवून विजेची गिटार जवळ केली. हा निर्णय सोपा नव्हता. ज्या चंदेरी वाद्याने नाव दिले, ते सोडायचे होते. नव्या वाद्याचा स्वर वेगळा, बोटांचा दाबही वेगळा. पण दीर्घ टिकणाऱ्या स्वराने त्याला नव्या वाटा दाखवल्या. तारा जुळवण्याची सी-शार्प मायनर ही पद्धत त्याने याच काळात रूढ केली. प्रचलित जुळणीत न सापडणारे स्वरमेळ तिच्यामुळे हाती आले. पुढे पेडल स्टील गिटारच्या जुळण्या ज्या वाटेने घडत गेल्या, तिची सुरुवात जाणकार येथून मानतात.

हॉलिवूडलाही तो हवा होता. 'वाइकीकी वेडिंग' या १९३७ च्या चित्रपटासह हवाईच्या पार्श्वभूमीवरील अनेक चित्रपटांना त्याच्या गिटारची साथ लाभली. वयाची पस्तिशी नुकतीच उलटलेली, कीर्ती शिगेला. नेमक्या याच वेळी, १९३८ मध्ये, त्याने क्लब आणि चित्रपटांचे जग सोडले. एमी सेम्पल मॅक्फर्सन या ख्यातनाम धर्मोपदेशिकेच्या कार्यात तो सामील झाला आणि प्रार्थनासभांमधून वाजवू लागला. नंतर त्याच्या वाट्याला आल्या त्या मुख्यतः भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिका. जाझच्या अंगाने जाणारे त्याचे झळाळते वादन बव्हंशी तेरा वर्षांतच बंदिस्त झाले. संगीतजगताचे यात नुकसान झाले, यात शंका नाही. पण ज्याने आयुष्यभर आपला आवाज दूरवर पोहोचावा म्हणून धडपड केली, त्याने तो कोणासाठी पोहोचवायचा हेही स्वतःच ठरवले, असे म्हणता येईल. १६ नोव्हेंबर १९५३ रोजी सिअॅटल येथे त्याचे निधन झाले.

जुन्या स्टील गिटारींच्या बाजारात आज या सगळ्याचे पडसाद उमटतात. अॅल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन' रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने प्रसरण पावे आणि सुरातून उतरे. म्हणून कंपनीने १९३५ मध्ये बेकेलाइटची गिटार आणली. महायुद्धापूर्वीच्या या गिटारींतील दीड इंच रुंदीची चुंबके युद्धानंतर सव्वा इंचाची झाली आणि शौकिनांच्या मते आवाजाचा भरदारपणाही कमी झाला. त्यामुळे खरेदीदार आधी चुंबकाची रुंदी पाहतो. कोणी फेंडरच्या लाकडी गिटारी पसंत करतो, कोणी गिब्सनच्या. ट्रायकोनचे चाहते विजेकडे वळूनही पाहत नाहीत.

या वादाला अंत नाही आणि तो असूही नये. निवड करणाऱ्यांनी मात्र सोलच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ओळीने ऐकाव्यात. ट्रायकोनवर वाजवलेली एखादी रचना आणि त्यानंतर विजेच्या गिटारवरची. वाद्य बदलल्याचे लगेच कळते. वाजवणारा तोच आहे, हेही पहिल्या काही स्वरांतच कळते.