शंकरराव थोरात

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (जन्म : १२ ऑगस्ट १९०६, मृत्यू : १९९२) हे भारतीय भूदलातील ज्येष्ठ सेनाधिकारी होते. सैन्यात ते एस.पी.पी. थोरात या नावाने ओळखले जात. दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील कांगावची लढाई, कोरियातील युद्धकैद्यांच्या ताब्याची कामगिरी आणि ईशान्य सीमेवरील चिनी आक्रमणाचा तीन वर्षे आधी दिलेला इशारा यांसाठी त्यांचे नाव घेतले जाते.

प्रारंभीचे जीवन

थोरात यांचा जन्म कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. त्यांचे वडील पांडुरंग पाटील हे शेतीशास्त्राचे अभ्यासक होते. त्या काळी इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील राजेशाही लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या दहा जागा राखीव असत. त्यांपैकी एक थोरात यांना मिळाली. १९२६ साली ते अधिकारी म्हणून सैन्यात दाखल झाले.

पुढे त्यांची नेमणूक चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत झाली. ब्रिटिश अधिकाऱ्यांना भारतीय अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावे लागू नये, म्हणून सरकारने भारतीय अधिकाऱ्यांसाठी मोजक्या आठ पलटणी वेगळ्या काढल्या होत्या. ही त्यांपैकी एक. पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले अयुब खान हेही याच पलटणीचे अधिकारी होते.

कांगावची लढाई

१९४५ च्या जानेवारीत आराकान किनाऱ्यावरून माघार घेणाऱ्या जपानी सैन्याची वाट कांगाव येथे अडवण्यात आली. या लढाईत ५१व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे होते, ही त्या वेळी असाधारण गोष्ट होती. कोदंडेरा थिमय्या यांच्याकडे हैदराबाद रेजिमेंटची, एल. पी. सेन यांच्याकडे बलुच रेजिमेंटची आणि थोरात यांच्याकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. मेलरोझ या सांकेतिक नावाची, जपान्यांनी भक्कम मोर्चेबंदी केलेली टेकडी थोरात यांच्या पलटणीने २९ जानेवारी रोजी निकराच्या हल्ल्यात जिंकली. भारतीय अधिकारी युद्धात मोठ्या तुकडीचे नेतृत्व करू शकणार नाहीत, या ब्रिटिश वर्तुळातील समजुतीला या लढाईने परस्पर उत्तर मिळाले. तिन्ही पलटणप्रमुखांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान देण्यात आला.

कोरियातील कामगिरी

१९५३ साली कोरियात युद्धविराम झाला, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैद्यांचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला व त्याचे अध्यक्षपद थिमय्या यांच्याकडे आले. कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात होते. ५,००० हून अधिक भारतीय जवान या दलात होते.

कैदी कडवे कम्युनिस्टविरोधी होते आणि भारतीय दलाविषयी त्यांच्या मनात दाट संशय होता. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस ठेवले. गोळीबार केला असता तर अनेक कैदी व तो अधिकारीही मारला गेला असता. थोरात निःशस्त्र आत गेले, खवळलेल्या जमावात बसून त्यांनी कैद्यांशी बोलणी केली आणि अधिकाऱ्याला सोडवून आणले. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र (वर्ग २) प्रदान करण्यात आले. हाच सन्मान पुढे कीर्तिचक्र म्हणून ओळखला जाऊ लागला.

ईशान्य सीमेचा इशारा

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. लखनौ येथे मुख्यालय असलेल्या या विभागाकडे ईशान्य सीमेचे संरक्षण होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरात यांनी सीमेच्या संरक्षणाविषयीचा आपला अहवाल लष्करी मुख्यालयाला सादर केला.

रस्ते नसलेल्या डोंगराळ प्रदेशात मॅकमहोन रेषेवरच निर्णायक लढाई देणे अशक्य आहे, असे त्यांचे मत होते. सीमेवर केवळ टेहळणीची ठाणी ठेवावीत आणि मुख्य संरक्षण फळी मागे, जिथे रसद व कुमक वेळेवर पोहोचू शकेल अशा जागी उभारावी, असे त्यांनी सुचवले. पुढे आलेल्या शत्रूची रसदवाट लांबेल व तो दुबळा होईल, असा त्यामागील विचार होता. त्यासाठी लागणारे अतिरिक्त सैन्यबळही अहवालात मागितले होते. सेनाप्रमुख थिमय्या यांनी हा अहवाल संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. परंतु चीनकडून असा धोका मेनन यांना मान्य नव्हता. मार्च १९६० मध्ये थोरात यांनी लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या नावाचा युद्धसराव घेतला आणि उपलब्ध सैन्यबळात सीमा राखता येणार नाही, हे दाखवून दिले.

थिमय्या यांनी आपल्यानंतर सेनाप्रमुखपदासाठी थोरात यांची शिफारस केली होती. सरकारने मात्र पी. एन. थापर यांची निवड केली. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. पूर्व विभागाची सूत्रे त्यांचे कांगावचे सहकारी सेन यांच्याकडे गेली. त्याच वर्षी सीमेलगत पुढे पुढे ठाणी उभारण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. तवांग आणि नंतर बोमदिला भारताच्या हातून गेले. थोरात यांच्या आत्मचरित्रानुसार, या पराभवाच्या काळात पंडित नेहरू यांनी त्यांना दिल्लीस बोलावून घेतले, तेव्हा १९५९ चा अहवाल पंतप्रधानांपर्यंत पोहोचलाच नव्हता असे स्पष्ट झाले. त्यानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेत थोरात व थिमय्या या दोघांचाही समावेश करण्यात आला.

उत्तरायुष्य आणि कुटुंब

निवृत्तीनंतर थोरात यांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषवले. छावण्यांमधून गेलेल्या साडेतीन दशकांनंतर ते कोल्हापुरात स्थायिक झाले. त्यांचे पुत्र यशवंतराव थोरात हे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचे (नाबार्ड) अध्यक्ष झाले, तर स्नुषा उषा थोरात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर होत्या. शेतीशास्त्रज्ञ आजोबा, सेनानी वडील आणि ग्रामीण पतपुरवठ्याचे काम करणारा मुलगा अशा तीन पिढ्या या घराण्याने सार्वजनिक सेवेत घालवल्या. यशवंतरावांनी पुढे वडिलांच्या आठवणी लेखांमधून सांगितल्या.

‘फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट’ हे थोरात यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ साली, त्यांच्या वयाच्या ऐंशीच्या सुमारास प्रसिद्ध झाले. छावणीत पहाटे वाजणारा आणि दिवस मावळताना वाजणारा अशा दोन बिगुलांची नावे या शीर्षकात आहेत. १९५९ च्या अहवालाची हकिगत त्यात त्यांनी स्वतः नोंदवून ठेवली असून, १९६२ च्या युद्धाच्या अभ्यासात हा ग्रंथ आजही आधार म्हणून वापरला जातो. १९९२ साली त्यांचे निधन झाले.