पंडिता रमाबाई आणि केडगावचे शेत

तळेऱ्याच्या मंडळींस दुष्काळ हा शब्द घाटावरचा वाटण्याचा संभव आहे. येथे मृगापासून हस्तापर्यंत पाऊस कोसळतो आणि ओढे, नद्या दुथडी भरून समुद्राकडे धावतात. तथापि भुकेची ओळख कोकणास नाही असे कोण म्हणेल? शेताचे तुकडे लहान. घरचे भात वर्षाला पुरत नसे, आणि मग मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीची वाट पाहावी लागे, हे येथील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. यास्तव जिने स्वतः भूक सोसली व पुढे शेकडो भुकेल्यांस पोसून त्यांच्या हातांस काम शिकविले, अशा पंडिता रमाबाई ह्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी लोकांचा विरोध सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस संस्कृत शिकविले, आणि आईकडून ती विद्या रमाबाईंस मिळाली. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगू लागले. लोक जे देत त्यातून दानधर्म होई. गाठीस फारसे काही उरत नसे.

मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. पैसा संपला, भांडी विकली, आणि उपवास सुरू झाले. ह्या घरात विद्या उदंड होती. परंतु अंगमेहनतीचे काम कोणासच येत नव्हते, आणि भीक मागण्यास जीभ उचलत नव्हती. अकरा दिवस त्यांनी रानातील पाला, शिंदीची फळे व पाणी ह्यांवर काढिले. अखेर भाऊ श्रीनिवास ह्याने मजुरी करण्याचे ठरविले, परंतु तोवर अंगात त्राण राहिले नव्हते. आधी वडील गेले, मग आई. मरणोन्मुख आईसाठी रमाबाईंनी शेजारी जाऊन भाकरीचा एक तुकडा मागून आणिला. तोही त्या माउलीस गिळवला नाही. तिला उचलण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, म्हणून मुलीनेच तिरडीस खांदेकरी म्हणून हात दिला. पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

उरलेली भावंडे हजारो मैल पायी हिंडली. भिजविलेले मूठभर धान्य मिठाशी खाऊन दिवस काढावे, आणि झेलम नदीकाठच्या थंडीत वाळूत खड्डे खणून त्यांत अंग पुरून रात्र काढावी, असे त्यांचे हाल झाले. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली, व तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्येचा गौरव केला. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांजशी विवाह झाला, पण १८८२ साली तेही पटकीने गेले, आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई विधवा झाल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे साह्य देण्याचे कबूल केल्यावर, ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडिले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले.

आता आमच्या विषयाचा गाभा येतो. दहा वर्षांची मुदत संपल्यावर सदन कशावर चालावे, ह्याचा विचार रमाबाईंनी मुदत संपण्याच्या आधीच केला. पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर केडगाव येथे त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली आणि फळझाडे लाविली. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या वर्षांत कोठारे भरिली, त्या जातीचे हे शहाणपण होते. प्रदेश कोरडा असल्यामुळे विहिरी खणाव्या लागल्या.

झाडे अजून लहान होती, तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतांतील हाडांचे सापळे पाहताच त्यांस स्वतःचे आईबाप आठवले असतील. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणिल्या. पुण्यात प्लेगामुळे त्यांस ठेविता येईना, म्हणून केडगावच्या शेतातच झोपड्या व तंबू उभे राहिले. तेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा आधी वाचलेल्या स्त्रियांतीलच काही तिकडे जाऊन उपाशी मुलींस शोधून घेऊन आल्या. त्या सुमारास तेथील वस्ती १,९०० च्या आसपास गेली.

इतक्या तोंडांस पुरेल एवढे धान्य १०० एकरांत पिकणे शक्य नव्हते. दूरदूरच्या लोकांच्या देणग्यांनी ती उणीव भरून निघे. परंतु आयते अन्न वाटून रमाबाई थांबल्या नाहीत. लिहिण्यावाचण्याबरोबर शेतकी, भाजीपाला, गाईगुरे, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. थोरलीने धाकटीस सांभाळावे, अशी तेथील रीत होती. ज्या घरी हातांस काम येत नव्हते म्हणून माणसे मेली, त्या घरच्या मुलीने हे शिक्षण द्यावे, ह्याचे मर्म वाचकांनी जाणावे.

पुढील वर्षांत त्यांनी पवित्र शास्त्राचे मूळ भाषांतून मराठी भाषांतर केले. १९२१ साली मनोरमा वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही केडगावीच देह ठेविला. मुक्ती मिशन अद्याप चालू आहे.

तळेऱ्याहून करूळ घाट चढून देशावर गेले की पाण्याचे मोल कळते. आमच्याकडे ते चार महिने फुकट वाहून जाते आणि वैशाखात विहिरी तळ गाठतात. भात कापल्यावर ओलीवर कुळीथ किंवा चवळी पेरावी, वरकस जमिनीत नाचणी टाकावी, ती पडीक राहू देऊ नये, चार घरांनी मिळून एक विहीर उपसावी, आणि ज्याचे कोठार आधी रिते होईल त्यास शेजाऱ्याने न मागता पायली द्यावी. भाकरीचा तो तुकडा वेळेवर पोहोचला नाही. आमच्या गावात तो वेळेवर पोहोचावा, एवढे आम्हांस करता येईल.