मोफत ग्रंथालयांचे प्रवर्तक : महाराजा सयाजीराव गायकवाड

दोंडाईच्याहून सुरतेकडे निघालेली गाडी नंदुरबार आणि नवापूर मागे टाकून सोनगड-व्याऱ्याच्या मुलखात शिरते. आज हा मुलूख गुजरात राज्यात आहे. स्वातंत्र्यापूर्वी तो बडोदे संस्थानात होता. म्हणजे ज्या राज्यात ग्रंथालयाचे दार सामान्य माणसाला विनामूल्य उघडले गेले, ते राज्य आपल्या खानदेशाच्या शेजारचेच. त्या राज्याचे अधिपती श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणावे, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये मालेगावजवळील कवळाणे या खेड्यात झाला. त्या वेळी मालेगावचा परिसर खानदेश जिल्ह्यात मोडत असे. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा स्वतंत्र झाल्यावर तो तिकडे गेला. त्या अर्थाने हा राजा जन्माने खानदेशचाच. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील, पण व्यवसायाने शेतकरी. मुलाचे नाव गोपाळ. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने १८७५ मध्ये पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. निवड गोपाळची झाली. बारा वर्षांचा हा शेतकरीपुत्र बडोद्यास आला, तेव्हा शिक्षण असे त्याचे झालेलेच नव्हते. ज्या वयात इतर मुले चार-पाच इयत्ता ओलांडून जातात, त्या वयात त्याने धुळाक्षरांपासून आरंभ केला. इलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याने सहा वर्षांत अनेक भाषा व विषय आत्मसात केले आणि डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती घेतली.

उशिरा मिळालेल्या अक्षराची किंमत या राजाला आयुष्यभर विसरता आली नाही, असे त्याच्या पुढील कार्यावरून वाटते. सत्ता हाती येताच त्याने अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा उघडल्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकवावयास तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमले गेले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे या शाळांची देखरेख सोपविण्यात आली. सोनगड येथे १८८५ मध्ये आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा निघाली. निवासी शाळेत वाढलेल्या आपल्या वाचकांना या घटनेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. घरी दिवा नाही, पुस्तक नाही, शांत कोपरा नाही, अशा मुलाला आधी राहण्यास जागा द्यावी लागते. मगच त्याचे शिक्षण होते. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू करण्यात आला.

परंतु शाळा सुटल्यावर काय, हा प्रश्न उरलाच. चौथी शिकून शेतात गेलेला मुलगा काही वर्षांत वाचणे विसरतो, कारण त्याच्या हाती वाचावयास काही पडत नाही. या प्रश्नाचे उत्तर महाराजांना अमेरिकेच्या प्रवासात दिसले. तेथील गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून त्यांनी स्वतंत्र ग्रंथालय खाते सुरू केले. राजवाड्यातील आपला ग्रंथसंग्रह त्यांनी लोकांच्या स्वाधीन केला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. तेथे वर्गणी नव्हती. स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. पुढे मांडवीजवळ ग्रंथालयाची स्वतःची इमारत झाली. तिच्यातील लोखंडी मांडण्या आणि खालच्या मजल्यावर उजेड पोहोचावा म्हणून घातलेल्या काचेच्या फरश्या आजही पाहावयास मिळतात.

शहराबाहेरच्या वाचकांसाठी केलेली व्यवस्था याहूनही विचारपूर्वक होती. ज्या गावास ग्रंथालय हवे, त्या गावाने काही रक्कम जमवावी; तितकीच रक्कम पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, असा नियम झाला. यामुळे ग्रंथालय हे सरकारचे दान न राहता गावाची मालमत्ता झाले. जेथे हेही शक्य नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. नेण्या-आणण्याचा खर्च सरकार सोशी. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे दाखविण्याची सोय होती. ग्रंथपाल घडविण्यासाठी १९११ मध्ये प्रशिक्षणवर्गही निघाला. बॉर्डन मायदेशी परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी खात्याची धुरा वाहिली, तर मोतीभाई अमीन यांनी खेड्यापाड्यांत वाचनाची चळवळ रुजविली. शेकडो गावांत ग्रंथालये उभी राहिली.

आता एका पुस्तकाची हकिकत सांगितली पाहिजे, कारण आपल्या समाजाचे नाते या राजाशी तेथून जुळते. मुंबईत परळच्या चाळीतील एक विद्यार्थी घरी जागा नसल्याने चर्नी रोडच्या बागेत बसून वाचन करीत असे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यास हेरले. १९०७ मध्ये तो विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसमारंभात गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यास भेट दिले. हे चरित्र बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत गेलेल्या वाटेच्या आरंभी बडोद्याच्या आश्रयाने तयार झालेले एक पुस्तक होते. धर्मानंद कोसंबी यांनाही महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊन महाराष्ट्रात राहून लेखन करण्याची सोय करून दिली आणि बौद्ध धम्माचे ज्ञान मराठीत आले.

केळुस्कर गुरुजींच्याच शिफारशीने महाराजांनी भीमरावांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये अमेरिकेस जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांनी जी ज्ञानसाधना केली, तिच्या मागे हे साहाय्य उभे होते.

मात्र येथे थांबणे हे सत्याशी प्रतारणा करणारे होईल. सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बाबासाहेब बडोद्यास आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास घर मिळाले नाही. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. जात लपवून ज्या पारशी पथिकाश्रमात ते उतरले, तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अवघ्या काही दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. ज्या नगरीत पुस्तकाचे दार सर्वांना मोकळे होते, त्याच नगरीत घराचे दार सर्वांत विद्वान माणसाला बंद होते. राजाच्या आज्ञेने शाळा निघते, ग्रंथालय निघते. शेजाऱ्याचे मन राजाज्ञेने उघडत नाही. सयाजीरावांचे मोठेपण आम्ही मान्य करतो आणि त्या मोठेपणाची ही मर्यादाही नोंदवितो. कदाचित म्हणूनच बाबासाहेबांनी पुढे केवळ उपकारावर विसंबून न राहता हक्कांचा, संघटनेचा व अखेरीस धम्माचा मार्ग धरला. १९३७ मध्ये न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. दरवर्षी ३१ जुलैस तेथे जमणारा आपला समाज ती स्मृती जपतो.

महाराजा सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांनी घालून दिलेला पायंडा मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. कोल्हापूर संस्थानात १९४५ मध्ये ग्रंथालयाचा कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्याने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आज तालुक्याच्या गावी वाचनालयाची पाटी दिसते, तिच्यामागे हा सारा इतिहास आहे.

पाटी असणे आणि दार उघडे असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुलूपबंद कपाटातील ग्रंथ कोणाचेच नसतात. मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्या आईची मुलगी निःसंकोच आत येऊन पुस्तक मागू शकते की नाही, हीच ग्रंथालयाची खरी कसोटी होय. आमच्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच विनवितो, की जयंतीच्या दिवशी पुष्पहाराबरोबर एक पुस्तक आणावे आणि ते ज्याच्या घरी पुस्तक नाही अशा मुलाच्या हाती जाईल, हे स्वतः पाहावे. केळुस्कर गुरुजींनी एका मुलाला एक पुस्तक दिले होते. त्याचे फळ आपण सर्वजण आहोत.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.