कापडवाल्याचं भिंग

हॉस्टेलच्या टाकीतलं पाणी मायक्रोस्कोपखाली कधी धरू नका, मेसमध्ये पाणी प्यावंसं वाटणार नाही! हा उद्योग जगात सर्वांत आधी ज्यांनी केला त्यांतला मुख्य माणूस ना डॉक्टर होता ना प्रोफेसर. त्याचं कापडाचं दुकान होतं.

अँटनी व्हान लेव्हेनहूकचा जन्म १६३२ चा, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा. वडील टोपल्या विणायचे, ते लवकर वारले. सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅमला एका कापडवाल्याकडे कामाला लावलं. कॉलेज नाही, लॅटिनचा गंध नाही. १६५४ मध्ये गावी परतून त्याने दुकान टाकलं, पुढे नगर कचेरीत नोकरीही मिळाली. भिंगं करायचं वेड मात्र त्याने स्वतःच लावून घेतलं. त्याचा मायक्रोस्कोप म्हणजे दोन छोट्या पत्र्यांच्या मध्ये बसवलेलं एकच इवलं भिंग आणि वस्तू पुढेमागे करायला स्क्रू. डोळ्याला टेकवून बघायचं. फिटिंगच्या जॉबपेक्षाही लहान!

१६७४ साली गावापासून दोन तासांच्या वाटेवरच्या तळ्याचं थोडं पाणी त्याने कुपीत भरून आणलं. भिंगातून पाहतो तर हिरव्या दोऱ्यांची वेटोळी आणि त्यांच्यामधून सुळसुळ पळणारे जीव! मग त्याला चटकच लागली. बारीक काचनळीत पाणी भरायचं, ती भिंगासमोर लावायची आणि दिवसेंदिवस पाहत बसायचं. पुढे त्याने अशाच नळीत व्हॉल्वॉक्सचे हिरवे गोळे ठेवले. मोठ्या गोळ्याच्या पोटातून पिल्लं बाहेर पडताना त्याला दिसली.

पण १६७६ मध्ये मिरी भिजवलेल्या पाण्यातल्या आणखी बारीक जिवांबद्दल त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेत पत्र लिहिलं, तेव्हा तिथे कुणाचा विश्वास बसेना. तिथल्यांना ते जीव दिसलेच नाहीत. त्यात हा पठ्ठ्या आपली चांगली भिंगं कशी करतो ते सांगायला तयार नाही. (इथे आपली सहानुभूती सोसायटीला! रीडिंग दिलं पण पद्धत दाखवली नाही, तर आपलं जर्नल कोण तपासेल?) शेवटी त्याने आठ प्रतिष्ठितांना भिंगातून जीव दाखवले आणि त्यांच्या सह्यांचे दाखले पाठवले. त्यांत धर्मगुरूही होते. १६७७ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूकने स्वतः प्रयोग केला आणि सगळ्यांना ते जीव दाखवले. १६८० मध्ये कापडवाला सोसायटीचा फेलो झाला. १७२३ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला, तोवर त्याची पत्रं चालूच होती.

भिंगाचं गुपित मात्र त्याने कुणाला दिलं नाही. २०२१ मध्ये संशोधकांनी उत्रेख्तच्या म्युझियममधला त्याचा सुमारे २७० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप न उघडता न्यूट्रॉनने तपासला. आत निघाली काच वितळवून केलेली गोळी, मोडलेल्या देठासकट. काचेचा धागा ओढायचा, टोक ज्योतीत धरायचं की गोळी तयार, ही ती कृती. ती १६७८ मध्येच छापून आली होती, आणि छापणारा होता तोच रॉबर्ट हूक.